साडेआठचं हिरवं बटण

कामोठ्यात त्या बुधवारी पाणी नऊलाच जाणार, असं सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच आलं होतं. त्यामुळे प्रेमलाची सकाळ घाईची होती. मोरीत पिंप भरत होतं, तव्यावर भाकरी फुगत होती आणि तिचा एक कान नळाकडे, एक तव्याकडे होता. बरोबर साडेआठला फ्रीजवर ठेवलेला फोन वाजला. प्रेमलाने पिठाचा अंगठा गाऊनला पुसला, फोन उचलला, हिरव्या चौकोनावर अंगठा टेकवला. ‘मंजूर’ अशी अक्षरं उमटली. फोन परत फ्रीजवर गेला आणि ती भाकरीकडे वळली. एवढ्याशा वेळात भाकरीला डागसुद्धा पडत नाही. गेले चौदा महिने हे असंच चाललं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. दाराला बेल आहे आणि ती चांगली वाजते. तरी कुणीतरी तळहाताने दार थापटत होतं.

दारात चांगुणाबाई उभ्या होत्या. अंगावर बाहेर जायचं पातळ, पायात धुळीने भरलेल्या चपला, हातात नवऱ्याचा फोन. कळंबोलीहून चालत आल्या असाव्यात, कारण धाप लागली होती.

“अगंबाई, वहिनी! या ना आत. चहा टाकते.”

“च्या नको. तुमच्या घरचं पानी बी नको आज.” चांगुणाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. “मुकादमीणबाई, येक इचारायला आले. इचारते नि जाते.”

‘मुकादमीणबाई’ ही हाक प्रेमलाला नवी होती. बावीस वर्षांत चांगुणाबाईंनी तिला प्रेमलाबाय सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. लेकीच्या, मोनालीच्या जन्माच्या वेळी साताऱ्याच्या माहेराहून कुणी येऊ शकलं नाही, तेव्हा याच बाईने दहा दिवस येऊन बाळाला न्हाऊमाखू घातलं होतं. प्रेमलाचा नवरा मानसिंग आणि चांगुणाबाईंचे यजमान शिवराम हे उरणच्या रस्त्यावरच्या गोदामात एकाच टोळीत हमाल. मानसिंग पुढे त्या टोळीचा मुकादम झाला. अठरा माणसांची टोळी, नंबर सात. साताऱ्याकडचे, कोकणातले, मराठवाड्यातले, सगळे एका डब्यात जेवणारे.

“माझ्या मानसानं तुमचं काय घोडं मारलं?” चांगुणाबाईंनी फोन पुढे केला. “वाचा. तुमी तर बीए झाल्यात. वाचा मोठ्यानं.”

प्रेमलाने वाचलं. मोठ्याने वाचवेना, म्हणून मनातच वाचलं. ‘प्रिय सहकारी, कामगिरीच्या आढाव्यानुसार आपले नाव टोळी क्र. ७ मधून कमी करण्यात येत आहे. निर्णय मंजूर करणारे : मुकादम मानसिंग निकम. सोमवार, सकाळी ८.३१. आक्षेप असल्यास तीन दिवसांत, बुधवारी सायंकाळी पाचपर्यंत.’

“प्रिय म्हनं,” चांगुणाबाई म्हणाल्या. “परवा संध्याकाळी ह्यांना फाटकावर फोन परत मिळाला तवा ह्ये दिसलं. काल तरी गेले, म्हनले चुकून आलं आसंल. तर बिल्ला लावून बी फाटक उघडंना. गडीमानूस, पन रस्त्यावर बसून रडला. आनि मानसिंगला सांगू नको म्हनतो, त्याची कायतरी मजबुरी आसंल म्हनतो! मी म्हनलं, मजबुरी काय ती मला बघूंदे तरी.”

“वहिनी, हे असं करणारच नाहीत. काल रात्रीच म्हणत होते, शिवरामदादा आज दिसले नाहीत, कंबर धरली असेल. आणि म्हणाले, टोळीत आज चहाला मला कुणी हाक मारली नाही, काय झालंय कळत नाही. त्यांना ठाऊकच...”

आणि इथे प्रेमला थांबली. तिची नजर परत त्या वेळेवर गेली होती. सोमवार, ८.३१. सोमवारी ८.३१ ला मानसिंग गोदामात होता, आणि गोदामात फोन नेता येत नाही. सोमवारी ८.३१ ला फोन इथे, या फ्रीजवर होता. प्रेमलाला आठवलं, सोमवारी तिने पडवळाची भाजी टाकली होती आणि फोडणी जळू नये म्हणून डाव्या हाताने ढवळत, उजव्या हाताच्या अंगठ्याने...

“वहिनी,” ती म्हणाली, “यांनी नाही केलं. मी केलं.”

गॅसवर भाकरी करपली. वास घरभर झाला. मग चांगुणाबाईच चपला काढून आत आल्या, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, “आता सरळ सांग. काय केलंस?”

सरळ सांगण्यासारखं ते होतंच कुठे! पण प्रेमलाने सांगितलं.

चौदा महिन्यांपूर्वी कंपनीने गोदामात एआय आणलं. कोणत्या ट्रकवर कोणती टोळी, कोणता माणूस किती गोण्या उचलतो, हे सगळं ते ठरवणार. त्याला तिथे ‘एजंट’ म्हणतात. पण सगळं यंत्रावर सोडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून कंपनीने मध्ये एक माणूस ठेवला. रोजची यादी यंत्र करणार आणि मुकादम ती बघून मंजूर करणार. सगळ्या मुकादमांना एक दिवस बोलावून फोनवर अंगठा नोंदवून घेतला. मानसिंगचा अंगठा काही केल्या फोनने घेतला नाही. तीस वर्षं गोणपाट ओढून त्याच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. शिकवायला आलेला माणूस हसून म्हणाला, काका, घरच्या कुणाचा तरी टाका, काय फरक पडतो! म्हणून प्रेमलाचा टाकला.

यादी येणार साडेआठला. त्या वेळी मुकादम आत गोण्यांखाली, आणि आत फोनला बंदी, तो फाटकावरच्या कप्प्यात. म्हणजे फोन घरीच राहणार हे उघड होतं. पहिल्याच आठवड्यात प्रेमला दूध आणायला खाली गेली आणि बटण दाबायला बारा मिनिटं उशीर झाला. दहा मिनिटांत मंजुरी आली नाही म्हणून टोळीला ट्रकच मिळाला नाही. अठरा माणसं अकरापर्यंत हातावर हात ठेवून बसली. संध्याकाळी मानसिंग घरी येऊन एवढंच म्हणाला, “वाजलं की दाब, बाई. बाकी काही बघू नको.” त्या दिवसापासून तिने कधी उशीर केला नाही. तिला वाटायचं ही हजेरी आहे.

“आनि वाचलं कधीच न्हाय?”

“नाही, वहिनी.”

“बीए झालीस म्हनं.” चांगुणाबाईंच्या आवाजात आता राग कमी होता, पण टोमणा सोडायचा नव्हता.

प्रेमलाने फोन घेतला आणि सोमवारची यादी वाचायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. वर हिरवं बटण, मोठं, अंगठ्याएवढं. त्याखाली बारीक इंग्रजीत ट्रकचे नंबर, वेळा, गोण्यांचे आकडे. बोटाने वर सरकवत गेली, सरकवत गेली. नवव्या वेळी तळाशी एक ओळ आली. शिवराम तांबे. महिन्याभरात उचललेल्या गोण्या शून्य. टोळीतून कमी करावे.

“शून्य!” ती ओरडलीच. “अहो, ते थप्पीवर असतात!”

हे टोळीबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. टोळीत वय झालेल्याला कुणी घरी बसवत नाही. त्याला थप्पीवर घेतात. बाकीचे पाठीवरून गोणी आणतात आणि तो ती रचतो. एक आडवी, एक उभी, तोंडं आतल्या बाजूला, कोपरे बांधून, वीस-वीस थर. हे काम सोपं नाही, फक्त त्यात पाठीवर ओझं नसतं. शिवरामदादांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तीन वर्षं ते थप्पी बांधत होते आणि त्यांची एकही थप्पी कलली नव्हती. पण यंत्र मोजतं ते पाठीवरून जाणाऱ्या गोण्या. गोणी उचलणाऱ्याचा बिल्ला दारातल्या यंत्राच्या डोळ्यासमोरून जातो, तेव्हा ‘पीप’ वाजतं. शिवरामदादांचा बिल्ला कधी वाजलाच नाही. यंत्राच्या लेखी तो माणूस चौदा महिने नुसता उभा होता.

खाली लाल बटण होतं, लहानसं. प्रेमलाने ते दाबलं. फोनने कारण विचारलं आणि चार पर्याय दिले. कामगार आजारी, कामगार रजेवर, नाव चुकीचे, बिल्ला हरवला. पाचवा नव्हता. तिने ‘नाव चुकीचे’ दाबलं. लगेच उत्तर आलं, तेही किती अदबीने! ‘मानसिंगजी, ही नोंद आपण स्वतः मंजूर केली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

“मेल्या,” प्रेमला फोनला म्हणाली. “मी मानसिंग आहे का?”

चांगुणाबाईंना त्याही स्थितीत हसू आलं. मग दोघींना आलं. मग प्रेमलाने गॅसचा कॉक बंद केला, नळ बंद केला, साडी नेसली, बीएची गुणपत्रिका लग्नानंतर ज्या पर्समध्ये आणली होती ती पर्स काढली आणि म्हणाली, “चला. पाच वाजायला अजून आठ तास आहेत.”

गोदामाच्या फाटकावर पहिली अडचण तिथल्या शिपायाने काढली. “फोन कप्प्यात ठेवा, ताई. आत फोन नाही.”

“या फोनमुळेच आले आहे. हा मुकादमाचा फोन आहे.”

“मुकादमाचाच काय, साहेबाचा असला तरी नाही.”

“बघितलंत, वहिनी?” प्रेमला म्हणाली. “मुकादमाने बघून मंजूर करायचं, आणि मुकादमाला बघायला फोन नाही.” तिने फोन कप्प्यात ठेवला, किल्ली घेतली आणि ती मुठीत आवळून आत गेली.

कामगारांचं बघणाऱ्या बाई स्मिता नावाच्या होत्या. पस्तिशीच्या, चेहऱ्याने चांगल्या, टेबलावर डबा अर्धवट उघडा. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग संगणकात बघून म्हणाल्या, “सॉरी हं, पण याला रीतसर मंजुरी आहे. आमच्याकडे एआय स्वतःहून कुणालाच काढत नाही. प्रत्येक निर्णयाच्या मध्ये माणूस असतो. आमच्या कंपनीचा तो नियमच आहे, सगळीकडे तसं छापलंय आम्ही.”

“असतो ना माणूस,” प्रेमला म्हणाली. “ओळखता का तुम्ही त्याला?”

“मानसिंग निकम.”

“नाही. मी. प्रेमला निकम. सेक्टर एकवीस, दुसरा मजला. तुमच्या निर्णयाच्या मध्ये जो माणूस असतो, तो मी आहे. त्या वेळी माझ्या एका हातात उलथनं असतं.”

स्मिताबाईंनी डब्याचं झाकण लावलं. चांगुणाबाई म्हणाल्या, “आनि तो येजंट कोन? त्याला बोलवा की. त्याला इचारते.”

“तो माणूस नाही, मावशी. ते कॉम्प्युटरमध्ये असतं.”

“म्हंजे काढनारा मानूस न्हाय, मंजूर करनारीला ठाव न्हाय, आनि रस्त्यावर आला तो तेवढा मानूस. बरं हाय.”

स्मिताबाईंनी संगणकाचा पडदा थोडा त्यांच्याकडे वळवला. वळवावा की नाही, या विचारात थोडा वेळ गेला, ते प्रेमलाने पाहिलं. पडद्यावर सातही मुकादम आणि यादी उघडल्यापासून बटण दाबेपर्यंत प्रत्येकाला रोज लागलेला वेळ होता. चार सेकंद. तीन सेकंद. पाच. टोळी चारचे मुकादम धनाजी, दोन सेकंद.

“धनाजी तर चुलत्याच्या तेराव्याला गावी गेलेत,” प्रेमला म्हणाली. “दहा दिवस झाले. आमच्या यांनीच सांगितलं.”

“हो. रजेचा अर्ज माझ्याकडेच आहे.”

“मग मंजुरी कोण देतं?”

स्मिताबाईंनी पाण्याचा घोट घेतला. “येते रोज,” त्या हळू म्हणाल्या.

आता मात्र प्रेमलाचा संयम सुटला. आवाज चढवायची तिला सवय नाही. बिल्डिंगमध्ये भांडणं झाली की सोडवायला तिला बोलावतात. पण त्या दिवशी पलीकडच्या खोलीतले कारकून माना वर करून बघायला लागले.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तीन सेकंदांत नावं वाचता येत नाहीत, तेवढ्यात एक माणूस आयुष्यातून उठवता येतो, हे तुमच्या पडद्यावर रोज दिसत होतं. मी दाबलं, हो. चूक माझी, मी वहिनींच्या पायावर डोकं ठेवीन. पण मला कुणी सांगितलं होतं की यात माणूस काढायचाही असतो? ट्रकाचं आणि माणसाचं एकच बटण? उशीर केला तर अठरा जणांचा रोजगार जाणार, लवकर केलं तर एकाचा. आणि वर नाव कुणाचं? माझ्या नवऱ्याचं! कालपासून तो माणूस टोळीत एकटा चहा पितोय, आणि त्याला कळतही नाही का. तुम्ही माणूस ठेवला तो बघायला नाही ठेवला, बाई. बोल लावायला ठेवला.”

कुणीतरी आतून मानसिंगला बोलावून आणलं. तो दारातच थांबला. अंगभर तांदळाची पांढरी भुकटी, खांद्यावर गोणपाटाची घडी. बायको आणि चांगुणावहिनी शेजारी शेजारी बसलेल्या बघून त्याला काही उलगडेना. प्रेमलाने चार वाक्यांत सांगितलं. त्याने पडद्यावर शिवरामचं नाव पाहिलं, खालचं आपलं नाव पाहिलं. मग आपला उजवा अंगठा उलटा करून बघितला, जणू तोच काहीतरी करून बसला होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “मला तर ते मशीन ओळखतसुद्धा नाही.”

“ठाव हाय मला,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पन ह्यांना कळायला पायजे ना.” आणि त्यांनी प्रेमलाच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताने प्रेमलाच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून आलं नव्हतं.

स्मिताबाईंनी बराच वेळ कळा दाबल्या. दोन फोन लावले. दुसऱ्या फोनवर त्यांचाही आवाज चढला. “सर, मंजुरी कुणी दिली ते माझ्यासमोर बसलंय,” असं त्या म्हणाल्या. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी फोन ठेवला तेव्हा कान लाल झाला होता. “आज नाव थांबवलंय,” त्या म्हणाल्या. “उद्या शिवराम तांबेंचा बिल्ला चालेल. पण पंधरा दिवसांनी वरचे परत बघणार. तोवर थप्पीचं काम कुठल्या रकान्यात मोजायचं, ते मी लिहून पाठवते. होईलच असं नाही सांगत.”

“थप्पीवर बोलवा त्या वरच्यांना,” मानसिंग म्हणाला. “एक थर लावून दाखवा म्हणावं.” आणि काम खोळंबलं म्हणून परत आत गेला. जाताना टोळीतल्या कुणाला तरी त्याने मोठ्याने हाक मारली, आणि आतून कुणीतरी ओ दिली.

दोघी उठल्या. स्मिताबाईंनी प्रेमलापुढे एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. “ताई, तुमची काय तक्रार आहे ती लिहून द्या. तुमच्या हातचं असलं तर मला वर बोलायला बरं.”

“लई लिव्ह,” चांगुणाबाई म्हणाल्या. “समदं लिव्ह. बीए हायस.”

प्रेमलाने पेन उचललं. लिहायला बरंच होतं. प्रिय सहकारी, शून्य गोण्या, चार पर्याय, आभार. वीस वर्षांनी अर्ज लिहायला बसली होती आणि मायना तिला अजून पाठ होता. पण तिला दिसली ती उद्याची सकाळ. उद्याही फोन साडेआठला वाजणार होता आणि अठरा माणसं ट्रकाची वाट बघत बसलेली असणार होती. हिरवं बटण तिला उद्याही दाबावंच लागणार होतं, पण आता वाचून. नऊ वेळा सरकवून, दहा मिनिटांच्या आत. तिने तक्रारीचा विचार सोडला आणि तीन ओळी लिहिल्या. कागद उलटा करून स्मिताबाईंपुढे सरकवला.

त्यावर लिहिलं होतं :

‘रोजची यादी मी मंजूर करीन. पण कुणाचं नाव काढायचं असेल तर ते यादीत घालू नका, वेगळं पाठवा, मराठीत, आणि संध्याकाळी सातनंतर पाठवा. त्या वेळी मुकादम घरी असतात.’